शिवगंगेची कमला, नगरच्या कृपाबाई

१८९४ साली मद्रासमध्ये ‘कमला’ नावाची एक इंग्रजी कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिची नायिका आईवेगळी पोर. डोंगरावर राहणाऱ्या विरक्त, विद्वान बापाच्या सहवासात वाढलेली. लग्न होते आणि ती खाली गावात, सासरी येते. त्या गावाचे नाव शिवगंगा, आणि ते नाशिक जिल्ह्यात आहे असे लेखिका सुरुवातीलाच सांगून टाकते. लेखिकेचे नाव कृपाबाई सत्यनाथन. त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्या क्षयाने वारल्या. वय अवघे बत्तीस.

नाशिकला साहित्याची आठवण ठेवायची सवय आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. कुसुमाग्रज, कानेटकर, बाबूराव बागूल यांची नावे इथे शाळकरी मुलेही जाणतात. जवळच्या जलालपूरला लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण एकोणिसाव्या शतकातल्या एका अख्ख्या कादंबरीची नायिका या गोदावरीच्या काठी सासुरवास भोगून गेली, हे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्यच दिसले. माझे हे पुस्तक त्या आश्चर्यातून सुरू झाले.

इंग्रजीच्या अभ्यासकांना कृपाबाई अपरिचित नाहीत. ‘इंग्रजीत आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहिणारी पहिली भारतीय स्त्री’ असे त्यांचे वर्णन सगळीकडे आढळते. हे वर्णन खोटे नाही, पण त्याने त्यांचे नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पहिली’ म्हटले की माणूस यादीत जाऊन बसतो. यादीतल्या माणसाला मान मिळतो, वाचक मिळत नाही. शिवाय ही यादी इंग्रजीची, त्यामुळे मराठी वाचकाला त्या आपल्या वाटण्याचे काही कारणच उरले नाही. मला म्हणायचे आहे ते नेमके उलट. कृपाबाईंच्या दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत लिहिलेल्या असल्या तरी त्यांचे घर मराठी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमुना, रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्या फळीवर ठेवतो, त्याच फळीवर त्या ठेवल्या पाहिजेत. तशा ठेवल्या की त्यांत जे दिसते, ते मद्रासहून किंवा लंडनहून पाहणाऱ्याला दिसत नाही.

आधी त्यांचे माहेर. अहमदनगरच्या हरिपंत खिस्ती यांच्या घरी १४ फेब्रुवारी १८६२ रोजी कृपाबाईंचा जन्म झाला. खिस्ती हे ब्राह्मण घराण्याचे जुने आडनाव आहे, धर्मांतराशी त्याचा संबंध नाही. पण हरिपंतांनी धर्मांतर केले हे मात्र खरे. नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणे मांडले होते, आणि मुंबई इलाख्यात ख्रिस्ती झालेल्या अगदी पहिल्या ब्राह्मणांत हरिपंत आणि त्यांची पत्नी राधाबाई यांची गणना होते. त्या काळचे नगर हे मोठे विलक्षण गाव होते. १८४२ साली इथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इथलीच. ती पाहिल्यावर जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात तसे काही करण्याचे पक्के झाले. पुढे नारायण वामन टिळकांचे आणि लक्ष्मीबाईंचे आयुष्यही याच गावाच्या आसपास घडले. म्हणजे मराठी स्त्रीच्या शिक्षणाची, तिच्या लिहिण्याची पुष्कळशी मुळे या एका गावात गुंतलेली आहेत. कृपाबाई त्यांतल्याच एका मुळातून आलेल्या.

चौदा भावंडांतल्या त्या तेराव्या. वडील लहानपणीच गेले. घर चालले ते आईच्या खंबीरपणावर, आणि कृपाबाईंचे मन घडले ते थोरल्या भावाच्या, भास्करच्या हाताखाली. मुलींना शिकवावे की नाही यावर महाराष्ट्रात रण माजलेले असताना हा भाऊ धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन फिरे, पुस्तके वाचून दाखवी, तिच्याशी बरोबरीच्या माणसासारखा बोले. तो अकाली गेला. या मृत्यूचा घाव ‘सगुणा’ या कादंबरीत जसाच्या तसा उतरला आहे. भावाच्या मरणावर लिहिलेली इतकी संयमी, इतकी आतून पिळवटणारी पाने त्या काळच्या आपल्या गद्यात मला फारशी आठवत नाहीत.

पुढे मुंबईत मिशनच्या निवासी शाळेत शिक्षण झाले. हुशारी पाहून वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचे ठरले, शिष्यवृत्तीही मिळत होती, पण प्रकृती इतकी तोळामासा की डॉक्टरांनी नको म्हटले. मग मद्रासचा मार्ग निघाला. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ साली मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. १८७८ साली कृपाबाई तिथे दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला निघाल्या त्या १८८३ साली. म्हणजे त्याच्या पाच वर्षे आधी एक मराठी मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात बसली होती. पहिल्या वर्षी तिने परीक्षेत उत्तम यश मिळवले. दुसऱ्या वर्षी शरीराने दगा दिला. १८७९ साली शिक्षण सोडून त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

इथे मला एक जोडी समोर ठेवावीशी वाटते. रमाबाई रानड्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. कृपाबाईंहून वीस दिवसांनी मोठ्या. १८७८ साली त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंचे इंग्रजीचे धडे इथे, या गावात सुरू झाले. दिवसाची कामे उरकून केलेले ते शिक्षण. त्याच वर्षी कृपाबाई मद्रासला शरीरशास्त्राच्या वर्गात बसत होत्या. एका पिढीच्या, एका भाषेच्या, जवळजवळ एका वयाच्या या दोन मुली. एकीला नवऱ्याचा आधार आणि घराचा विरोध; दुसरीला घराचा आधार, पण समाजच नाही, कारण धर्मांतराने तो तुटलेला. दोघींनी पुढे आपापली कहाणी लिहिली. रमाबाईंचे पुस्तक १९१० साली मराठीत आले आणि ते आपण जिवापाड जपले. कृपाबाईंची कहाणी त्याच्या वीसेक वर्षे आधीची.

मद्रासला शिकत असताना त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत असत. त्यांच्या पत्नी अ‍ॅना मुलींच्या शाळा चालवत. १८८१ साली त्यांचा केंब्रिजहून परतलेला मुलगा सॅम्युएल याच्याशी कृपाबाईंचे लग्न झाले. मराठी आई-बापांची मुलगी आणि तमिळ घरचा मुलगा. दोघांच्या संसाराची भाषा अर्थातच इंग्रजी. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम अशी गावे झाली आणि १८८६ साली पुन्हा मद्रास. उटीला त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा त्यांचा लेख तिथल्या वर्तमानपत्रात ‘एक भारतीय स्त्री’ एवढ्याच सहीने छापून आला. ‘सगुणा’ १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९२ साली पुस्तकरूपाने आली. एकुलते मूल झाले ते वर्ष पुरे व्हायच्या आत गेले. सासू गेली, सासरे गेले, आणि स्वतःचा क्षय वाढत चालला. ‘कमला’ लिहिली गेली ती या काळात.

‘सगुणा’ची प्रत राणी व्हिक्टोरियाला सादर झाली होती, आणि राणीने या लेखिकेची आणखी पुस्तके पाठवावीत असे कळवले, अशी नोंद कृपाबाईंच्या पहिल्या चरित्रलेखिकेने, मिसेस ग्रिग यांनी केली आहे. दोन्ही कादंबऱ्या पुढे १८९६ साली तमिळमध्ये गेल्या. राणीच्या महालात आणि तमिळ घरांत पोचलेली ही पुस्तके त्यांच्या स्वतःच्या मुलखात का रुजली नाहीत, याची कारणे पुढे पाहू. आधी पुस्तके.

‘सगुणा’ म्हणजे कृपाबाईंची स्वतःचीच कहाणी, नावे बदलून सांगितलेली. पण तिचा आरंभ त्या स्वतःपासून करत नाहीत. आधी येते ती आई, कादंबरीतली राधा. लहानपणी लग्न झालेली, सासूच्या धाकात वाढलेली, देवाधर्मावर गाढ श्रद्धा असलेली. तिचा नवरा हरिश्चंद्र पंडित, अभ्यासू, आणि हळूहळू मिशनऱ्यांच्या शिकवणुकीकडे ओढला गेलेला. तो धर्म बदलतो तेव्हा राधेला कोणी विचारत नाही. ज्या घरात ती मोठी झाली, ज्या चुलीवर तिचा हक्क होता, ते सगळे एका दिवसात परके होते. ती नवऱ्याबरोबर जाते, पण मनाने जात नाही. कितीतरी काळ आपला आचार, आपले सोवळे धरून राहते, आणि मग हळूहळू, नवऱ्याच्या वागण्याकडे पाहून, बदलते.

‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला इथे थबकायला होईल. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. मग वेगळी चूल, वेगळे पाणी, आणि शेवटी एका रात्रीच्या विचारमंथनात जातीचा तिढा आपोआप सुटणे. हे सारे आपण मराठीतले अनन्य वाङ्मय म्हणून शिकतो आणि ते तसे आहेच. पण ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग प्रसिद्ध झाले १९३४ ते १९३६ या काळात. नवऱ्याच्या धर्मांतराने फरफटलेल्या ब्राह्मण बायकोची व्यथा त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, एका मुलीने आपल्या आईबद्दल लिहून ठेवली होती. लक्ष्मीबाईंनी ती स्वतःच्या तोंडाने सांगितली, हसत-रडत सांगितली. त्यांची बरोबरी कोणी करू नये. कृपाबाईंचे वेगळेपण असे की त्या धर्मांतरानंतर जन्मलेल्या. त्यांना नव्या धर्माबद्दल शंका नव्हती. तरीही आईच्या जुन्या श्रद्धेकडे त्या तुच्छतेने पाहत नाहीत. राधेचे सासर रंगवताना त्यांची लेखणी जितकी कडक होते, तितकीच राधेच्या एकटेपणाशी हळवी होते. मिशनच्या प्रचारकथांमध्ये धर्मांतर हा आनंदाचा शेवट असतो. इथे ती एका बाईच्या दुःखाची सुरुवात आहे.

पुढच्या भागात सगुणा शाळेत जाते आणि गोऱ्या मिशनरी बायकांच्या सहवासात येते. हा भाग मला आजही धारदार वाटतो. या बायका तिला शिकवतात, तिच्यावर माया करतात, आणि त्याच वेळी तिला आपल्या बरोबरीची मानत नाहीत. दयेत मिसळलेला हा अपमान ती मुलगी पुरता ओळखते. ख्रिस्ती झाल्यावर साहेबाची नक्कल करणाऱ्या देशी लोकांवरही लेखिका तितकीच नाराज आहे. हिंदू समाजाने टाकलेली, गोऱ्या समाजाने आत न घेतलेली अशी ही मुलगी, आणि तिच्याकडे टेकायला आहेत ती फक्त पुस्तके आणि दख्खनचे डोंगर. दख्खनच्या माळरानाचे, पावसाळ्यानंतरच्या टेकड्यांचे वर्णन करताना कृपाबाईंची इंग्रजी एकदम मोकळी होते. शहराबद्दल लिहिताना ती तशी होत नाही.

आता ‘कमला’. नाशिककर वाचकाने ही कादंबरी गावाचा भूगोल मनात ठेवून वाचावी असा माझा आग्रह आहे. शिवगंगा नावाचे गाव नकाशात मिळणार नाही, पण ते कशापासून घडवले आहे हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. माझी आजी रामकुंडावर जायची तेव्हा ‘गंगेवर जाऊन येते’ एवढेच सांगून निघायची. ब्रह्मगिरीवर शंकराने जटा आपटल्या आणि गौतम ऋषींसाठी ही गंगा खाली आली, ही कथा त्र्यंबकच्या प्रत्येक दगडाला चिकटलेली. डोंगराच्या पायथ्याचे देवळांचे गाव, गावातून वाहणारे पवित्र पाणी, यात्रेकरूंची ये-जा आणि पाण्याच्या काठी जमणाऱ्या सुना. कमलेचा बाप ज्या डोंगरावर राहतो त्याचे नाव कादंबरीत अंजिनीगड असे येते. त्र्यंबकच्या रस्त्यावरून अंजनेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आणखी खूण नको. यात्रेचे ठिकाण येते त्याचे नाव दूधस्थळ. आणि गंगापूर-गोवर्धनजवळ गोदावरीचा जो फेसाळ धबधबा आहे त्यालाही आपल्याकडे दूधस्थळीच म्हणतात. कृपाबाईंनी हा मुलूख ऐकून लिहिलेला नाही, असे वाचताना पावलोपावली वाटते. हा माझा तर्क आहे, पण या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण मी त्यासाठी खर्च केले आहे.

कथा थोडक्यात अशी. कमला सासरी येते. बापाने तिला गोष्टी, पुराणे, निसर्ग यांत वाढवलेले. सासरच्या वाड्यातले डावपेच तिला समजतच नाहीत. नवरा गणेश इंग्रजी शिकलेला. त्याला बायकोला शिकवायची हौस येते, थोडे दिवस शिकवतोही, पण घरातल्यांच्या कानभरणीपुढे आणि स्वतःच्या ढिलाईपुढे ती हौस टिकत नाही. पुढे तो परगावी नोकरीला जातो आणि सई नावाच्या श्रीमंत, स्वतंत्र बाईच्या नादी लागतो. कमला त्याला सोडून निघते. तिला मुलगी होते. गणेश मरतो, ती विधवा होते, मुलगीही जाते. तिचा नातेवाईक रामचंद्र हा वैद्य, तिला पहिल्यापासून समजून घेणारा एकमेव पुरुष, तिला लग्नाची मागणी घालतो. आणि कमला नाही म्हणते. उरलेले आयुष्य ती अनाथ आणि विधवा बायकांच्या सेवेत घालवते.

या नकारापाशी अभ्यासकांचे फार अडते. ख्रिस्ती, शिकलेल्या, सुधारणावादी लेखिकेने विधवेला पुनर्विवाह का करू दिला नाही? विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. ‘कमला’ येण्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवेशी लग्न केले होते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन पुण्यात उभे होते आणि त्यावरून वादळ उठले होते. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. सगळे वातावरण पेटलेले असताना कृपाबाईंची नायिका जुन्याच वाटेने गेली. काहींना यात लेखिकेचा कचखाऊपणा दिसतो, काहींना हिंदू बाईच्या मनावर धर्माची पकड दाखवण्याचा मिशनरी हेतू.

मला दोन्ही पटत नाहीत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरिभाऊंची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येत होती, पुस्तक निघाले १८९३ मध्ये. यमुना आणि कमला या सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या जवळच्या. दोघी बुद्धिमान, दोघींच्या शिक्षणाला सासरचा विरोध, दोघी विधवा. हरिभाऊंची यमुना केशवपनाच्या अत्याचाराने खचून मरते. वाचकाच्या काळजाला हात घालायचा तर तिला मरावेच लागते. कृपाबाई कमलेला मारत नाहीत. तिला हातात पैसा देतात, काम देतात, आणि एक नकार देतात. आयुष्यभर ज्या मुलीच्या वतीने बापाने, सासूने, नवऱ्याने निर्णय घेतले, तिचा हा स्वतःचा निर्णय. तो धर्माच्या भीतीने घेतलेला आहे हे लेखिका लपवत नाही, आणि त्या धर्माबद्दलचे आपले मतही लपवत नाही. तरीही तो निर्णय तिने कमलेकडेच ठेवला. प्रचारासाठी लिहिणाऱ्याला रामचंद्राशी लग्न लावून देणे किती सोपे होते! बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त, १८५७ साली, विधवेच्या दुःखावर उपाय म्हणून नवा धर्म आणि नवा संसार आलाच होता. चाळीस वर्षांनी त्याच परंपरेतली एक लेखिका तो तयार शेवट नाकारते, तेव्हा ती प्रचारक राहत नाही, कादंबरीकार होते.

या कादंबरीचे खरे बळ मात्र शेवटात नाही, पाण्याच्या काठावरच्या प्रसंगांत आहे. घागरी घेऊन आलेल्या सुना तिथे एकमेकींना भेटतात; काशी, भागीरथी आणि त्यांच्या सोबतिणी. घरात ज्यांना तोंड उघडायची मुभा नाही त्या इथे बोलतात. कोणाची सासू काय म्हणाली, कोणाचा नवरा कुठे जातो, कोणाला माहेरची माणसे न्यायला आलीच नाहीत. हे बोलणे इंग्रजीत छापलेले आहे, पण त्यातली टोमण्यांची धार, लाड, रुसवे, एकीने दुसरीच्या घरावर मारलेले शेरे हे सगळे घाटावरचे आहे. तमिळ मुलखातल्या घरात आजारपणाच्या खाटेवर बसून एक बाई आपल्या मातृभाषेतल्या बायकांना आठवत होती, असे मला ही पाने वाचताना वाटते.

सईबद्दलही थोडे. ती खलनायिका म्हणून आणलेली आहे, तिने वाईट केल्याचे लेखिका आपल्याला पुन्हा पुन्हा सांगते. पण पैसा स्वतःच्या हातात असलेली, पुरुषांशी बरोबरीने बोलणारी, कोणाच्या आज्ञेत नसलेली ही एकटीच बाई या कादंबरीत आहे, आणि ती आली की पाने जिवंत होतात. तिच्याबद्दल लेखिकेचे मन दुभंगलेले आहे. तारामती, सावित्री यांच्या साच्यातून स्त्री-पात्रे काढणाऱ्या काळात असे दुभंगलेले मन कागदावर उतरू देणे हे धाडसच होते.

दोषही स्वच्छ सांगायला हवेत. निवेदक मध्येच थांबून वाचकाला हिंदू चालीरीती समजावून सांगतो, ते आज कंटाळवाणे होते. परक्या वाचकासाठी लिहिताना ही किंमत मोजावी लागली. पूजा-अर्चा आणि भिक्षुकांची वर्णने येतात तिथे मिशनच्या शाळेतला चष्मा उतरत नाही. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे ब्राह्मण वाड्याबाहेरचा नाशिक जिल्हा या कादंबरीला जवळपास दिसत नाही. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला होता, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची. त्या दोघींनी जातीबद्दल आणि पुरुषांच्या दांभिकतेबद्दल जे रोखठोक म्हटले, त्याच्या तुलनेत कृपाबाई फार सौम्य आहेत. ज्या गावाने पुढे १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिला, त्या गावच्या वाचकाला हे खटकणारच, आणि खटकले पाहिजे.

मग ही पुस्तके मराठीत का रुजली नाहीत? भाषा हे एक कारण, पण तेवढेच नाही. याच नाशिकला १८६६ साली कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. ऑक्सफर्डला त्या कायदा शिकल्या, त्यांनी इंग्रजीत लिहिले. त्यांनाही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जागा नाही. शेवंतीबाई निकंबे यांनी १८९५ साली बालवधूच्या शिक्षणावर ‘रतनबाई’ ही कादंबरी इंग्रजीत लिहिली, तीही विस्मरणात गेली. या तिघींत समान काय? तिघी ख्रिस्ती. आपण लक्ष्मीबाईंना आणि रेव्हरंड टिळकांना जवळ केले, कारण त्यांनी ओवी-अभंगांच्या भाषेत लिहिले. ज्यांचा धर्मही वेगळा आणि भाषाही, त्या आपल्या हिशेबातून दोनदा गळल्या. शरणपूरच्या मिशन वस्तीने नाशिकला जगाशी जोडले. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या माणसांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. एवढे मोठे जग या गावात नांदत होते, आणि त्याचे लेखी वाङ्मय मात्र आपण परके मानून बाजूला ठेवले.

गेल्या काही दशकांत इंग्रजीतल्या अभ्यासाने कृपाबाईंना पुन्हा उजेडात आणले, त्याचे ऋण मोठे आहे. सूझी थारू आणि के. ललिता यांच्या स्त्रीलेखनाच्या संकलनात त्यांचा उतारा आला. चांदनी लोकुगे यांनी १९९८ च्या सुमारास दोन्ही कादंबऱ्या पुन्हा संपादित केल्या. मीनाक्षी मुखर्जी आणि प्रिया जोशी यांनी त्यांवर गंभीर विवेचन केले. युनिस डिसूझा यांनी सत्यनाथन घराण्याच्या लेखनाचे एकत्रित पुस्तक साहित्य अकादमीसाठी केले. ही कामे नसती तर माझ्या हाताशी काहीच नसते. पण त्या सर्वांचा रोख साहजिकच साम्राज्य, इंग्रजी भाषा, भारतीय इंग्रजी कादंबरीचा उगम असा आहे. सासू-सुनांचे बोलणे, नगरचे मिशन, त्र्यंबकची यात्रा, हरिभाऊंची यमुना हा दुसरा रोख मराठी वाचकाने द्यायचा आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात चरित्र आहे. त्यात मी नगर आणि मुंबईला अधिक जागा दिली आहे, मद्रासच्या वर्षांना कमी. त्या वर्षांवर इतरांनी चांगले लिहिले आहे. दुसरा भाग ‘सगुणा’चा, तिसरा ‘कमला’चा. त्यांच्या निबंधांचे संकलन १८९६ साली निघाले; स्त्रीशिक्षणावरचे त्यांतले विचार मी स्वतंत्र प्रकरणात न घेता कादंबऱ्यांच्या चर्चेतच गुंफले आहेत, कारण कृपाबाई निबंधात जपून बोलतात आणि कादंबरीत मनातले. पात्रांची आणि गावांची नावे मराठी उच्चारांप्रमाणे लिहिली आहेत.

मूळ पुस्तके वाचणार असाल तर ‘सगुणा’ आधी घ्यावी, ‘कमला’ नंतर. पुष्कळ वाचक राधेची सुरुवातीची प्रकरणे पार्श्वभूमी समजून भरभर ओलांडतात आणि सगुणेच्या शाळेशी येऊन थांबतात. तसे करू नये. सासरच्या वाड्यात गप्प राहिलेली, नवऱ्यामागून परक्या घरात गेलेली राधा ज्याने नीट वाचली, त्याला कमलेच्या नकाराचे कोडे पडत नाही. मुलीने दोन्ही पुस्तकांत आईच लिहिली आहे.